खडी सगळ्यात शेवटी

गावाचा डांबरी रस्ता सोडून दोन-चार शेतांच्या कडेने वस्तीवर जाणारा रस्ता महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी एकाच रीतीने तयार होतो. मे महिन्यात रान मोकळे असते, हातात थोडेफार पैसे असतात, पाऊस तोंडावर आलेला असतो. खडीच्या ट्रॉल्या येतात, चाकोऱ्यांत आणि खड्ड्यांत रिकाम्या होतात, जेसीबीचे बकेट वरून एकदा फिरते आणि रस्ता झाला असे मानून सगळे पेरणीला लागतात. आषाढ सरेपर्यंत चाकोऱ्या जिथल्या तिथे उमटलेल्या असतात, श्रावणात मोटारसायकल डांबरीवर लावून चिखलातून चालत जावे लागते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ट्रॉल्यांना फोन जातो. जमीन खडी खाते, असे अशा वेळी म्हटले जाते. हे म्हणणे अक्षरशः खरे आहे, आणि जमीन खडी का खाते हे नीट पाहिले की रस्त्यावर खडी टाकणे हे रस्ता करण्यातले पहिले काम नसून शेवटचे काम आहे, हे पटू लागते. ज्यांनी आधीची कामे केली त्यांना कमी खडी पुरते. ज्यांनी ती टाळली त्यांना कितीही खडी पुरत नाही.

याचे मूळ कारण दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या एका माणसाने स्पष्ट मांडले. जॉन लाउडन मॅकॅडम हा १७५६ मध्ये जन्मलेला, तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये व्यापार करून परत आलेला गृहस्थ. १८१६ मध्ये तो ब्रिस्टॉल भागातल्या रस्त्यांचा देखरेख अधिकारी झाला. त्या काळी मातब्बर समजली जाणारी पद्धत अशी होती की खाली मोठमोठे दगड हाताने उभे लावून पाया करायचा आणि त्यावर बारीक खडी पसरायची. फ्रान्समध्ये त्रेसाग्ये आणि ब्रिटनमध्ये थॉमस टेलफर्ड यांचे रस्ते याच जातीचे होते. मॅकॅडमने हा पाया अनावश्यक ठरवला. गाडीचे ओझे शेवटी खालची मूळ जमीनच उचलते, असे त्याचे म्हणणे होते. ती कोरडी राहिली तर कितीही ओझे उचलते आणि भिजली तर तिच्यावर काहीही रचले तरी खचते. म्हणून रस्ता आसपासच्या जमिनीपेक्षा उंच ठेवायचा, कडेला चर काढायचे आणि वर फोडलेल्या खडीचा असा घट्ट थर द्यायचा की पाणी आत न मुरता कडेने वाहून जाईल. त्याच्या हिशेबात खडीचा थर हे जमिनीवरचे छप्पर होते. दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा, जड नसावा हा त्याचा नियम होता, कारण मोठा दगड चाकाखाली डगमगतो आणि आजूबाजूचे दगडही सैल करतो. दलदलीवरून गेलेला सॉमरसेटमधला एक रस्ता कठीण चुनखडकावरच्या रस्त्यापेक्षा कमी झिजतो, असा दाखला त्याने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे दिला होता. पाया जितका टणक तितका रस्ता टिकाऊ, ही समजूत मोडणारी ही साक्ष होती. आजही अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकांत खडी, मुरूम, पाणी आणि रोलर यांवर उभ्या असलेल्या रस्त्याला त्याच्याच नावाने ओळखतात.

आता हे तत्त्व दख्खनच्या जमिनीला लावून पाहू. इथली काळी माती साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या खडकापासून, म्हणजे बेसॉल्टपासून, बनलेली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीचे खनिज भरपूर असते. या खनिजाचे पापुद्रे पाणी आत घेऊन फुगतात आणि पाणी गेले की आकसतात. उन्हाळ्यात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कुदळ मारली तर ढेकूळ वाजते. त्या अवस्थेत तिच्यावरून भरलेला ट्रकही जातो. पण ती पूर्ण भिजली की चित्र उलटते. रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजण्याचे सीबीआर नावाचे एक माप आहे. उत्तम दाबलेल्या फोडीव खडीला त्यात शंभर टक्के धरतात. भिजलेल्या काळ्या मातीला या मापात बहुधा दोन ते चार टक्के मिळतात. एकाच जागेची एकच माती, पण मे महिन्यात खडकासारखी आणि जुलैमध्ये लोण्यासारखी. रस्ता मे महिन्यात करणाऱ्याची फसगत इथेच होते. ज्या जमिनीवर तो खडी टाकतो ती तिच्या सर्वांत मजबूत अवस्थेत असते आणि वापर मात्र सर्वांत दुबळ्या अवस्थेत व्हायचा असतो.

खडी जाते कुठे, हे पाहायचे तर दोन-तीन पावसाळे सोसलेल्या अशा रस्त्याच्या चाकोरीत एक हातभर खोल खड्डा घ्यावा. वर चिखल असतो, त्याखाली खडी, पण सुटी नव्हे. प्रत्येक दगड काळ्या मातीत लपेटलेला असतो आणि दोन दगड एकमेकांना टेकलेले क्वचित सापडतात. एकाच मापाची स्वच्छ खडी सैल पसरली की तिच्या एकूण घनफळातला सुमारे ४० टक्के भाग पोकळी असते. वरून चाक गेले की दगड मऊ मातीत रुततो आणि त्याच दाबाने पातळ झालेली माती पोकळीतून वर पिळून येते. चाक पुढे गेले की दाब सुटतो, पुढचे चाक पुन्हा दाबते. पंपासारखी ही क्रिया चालू राहते आणि थोड्याच दिवसांत खडी आणि माती यांचे मिश्रण होते. या मिश्रणाची ताकद मातीएवढीच, कारण दगडाला दगड टेकलेला नाही, घर्षण उरलेले नाही. पैसे गेले, दगडही जागेवर आहेत, पण ते कामाचे राहिलेले नाहीत. त्यावर नवी खडी टाकली तर तीही त्याच वाटेने जाते.

यावर लगेच येणारा आक्षेप म्हणजे सोलिंग. आपल्याकडे डबराचे, म्हणजे खाली मोठे दगड लावून, सोलिंग केल्याशिवाय रस्ता होतच नाही, असे अनुभवी ठेकेदार सांगतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तसे टिकलेले रस्तेही असतात. मुरमाड माळावर, जिथे मूळ जमीन पाणी धरत नाही, तिथे सोलिंग टिकते. मात्र तिथे ते नसते तरी रस्ता टिकलाच असता. काळ्या रानात मात्र डबर म्हणजे आणखी मोठ्या पोकळ्या. माती त्यांतून अधिक सहज वर येते आणि एकेक डबर स्वतंत्रपणे खचून रस्ता उंचसखल होतो. इथे लागतो तो मधला थर. भारतीय रस्ते अभियांत्रिकीत काळ्या मातीवर थेट खडी न टाकता आधी कडक, चिकणमाती नसलेल्या मुरमाचा किंवा वाळूचा थर देण्याची शिफारस रूढ आहे. कारण सोपे आहे. मुरमातल्या लहान-मोठ्या कणांमधली छिद्रे इतकी बारीक असतात की खालची माती वर सरकू शकत नाही आणि वरचा दगड खाली घुसू शकत नाही. कार्ल टेरझागी या मृदा-शास्त्रज्ञाने गाळणीच्या थराबद्दल मांडलेला नियम हेच सांगतो: शेजारशेजारच्या दोन थरांतल्या कणांच्या मापात फार मोठी उडी असू नये. हल्ली हेच काम जिओटेक्स्टाइल नावाचे जाडसर कृत्रिम कापड करते. मुरूम लांबून आणावा लागत असेल तर ते कापड स्वस्तही पडू शकते. दख्खनच्या बहुतेक भागात मात्र काळ्या मातीच्या खाली मुरूम आणि त्याखाली पाषाण हाच क्रम असतो. त्यामुळे विहीर किंवा शेततळे खोदताना निघालेला मुरूम बांधावर ढीग होऊन पडलेला असतो. तो रस्त्यात गेला तर त्याच्याइतका चांगला उपयोग दुसरा नाही. विकत घ्यायचा तर मुरूम हे गौण खनिज आहे. ट्रॉलीवाल्याकडे स्वामित्वधनाची पावती आहे का, हे विचारावे, नाहीतर तहसीलचा दंड रस्त्याच्या खर्चात मिळवावा लागतो.

मुरूम आणि मुरूम यांत मात्र फरक असतो, आणि रस्त्याच्या कामात सर्वांत जास्त फसवणूक, जाणूनबुजून किंवा नकळत, इथेच होते. लालसर-पिवळी माती म्हणजे मुरूम नव्हे. मूठभर मुरूम ओला करून गोळा वळावा. गोळा वळतो, पण हाताला चिकटत नाही आणि वाळल्यावर बोटांनी जोर लावून फोडावा लागतो, एवढा बंध त्यात हवा. बोटांत लांब वात वळता आली तर त्यात चिकणमाती जास्त आहे. असा मुरूम पावसात निसरडा होतो. गोळाच वळत नसेल तर तो उन्हाळ्यात धूळ होऊन उडेल. आणखी नेमके पाहायचे तर काचेच्या बरणीत मुरूम आणि पाणी हलवून एक रात्र ठेवावी. तळाला खडे, वर वाळू, त्यावर बारीक गाळ असे थर दिसतात. खडे आणि वाळू यांचा भाग मोठा आणि गाळाचा थर पातळ दिसला पाहिजे. वरच्या खडीच्या थरातही हेच तत्त्व चालते. मोठी खडी, मध्यम खडी, कच आणि बांधून धरणारा थोडा मुरूम असे सगळे आकार एकत्र आले की मोठ्याच्या पोकळीत लहान, लहानाच्या पोकळीत त्याहून लहान, असे ते गच्च बसतात.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो दिसण्याचा आहे. धुतलेली, एकसारख्या मापाची निळसर खडी सुंदर दिसते, पायाला चिखल लागत नाही, मग त्यात मुरूम आणि कच कशाला कालवायचा? अंगणात आणि गाडी उभी करण्याच्या जागेत हे म्हणणे मान्य करायला हरकत नाही. तिथे चाके हळू फिरतात आणि भार ठरलेला असतो. पण रस्त्यावर एकमापी खडी चाकाखाली बाजूला सरते, मधे आणि कडेला तिचे वरंबे होतात, दुचाकी त्यात डगमगते. शिवाय ती पाणी अडवत नाही, सरळ खालच्या मातीत सोडते, म्हणजे छप्पर असण्याचे तिचे मुख्य कामच ती करत नाही. नदीतले गोटे तर याहून वाईट. ते गोल असल्याने एकमेकांत अडकत नाहीत. क्रशरची खडी कोनाकोनाची असते, तिचे कोपरे एकमेकांत गुंततात, म्हणून ती दाबल्यावर बसते. १९७२ च्या दुष्काळात राज्यातल्या हजारो हातांनी रस्त्याकडेला बसून हातोडीने जी खडी फोडली तिच्यामागे हेच गणित होते. दगड नुसता लहान करायचा नव्हता, तर त्याला कोपरे द्यायचे होते.

तरीही सगळ्यात मोठे काम दगडाचे नाही, पाण्याला वाट देण्याचे आहे. तीन मीटर रुंदीचा रस्ता मध्यभागी कडेपेक्षा सहा सेंटिमीटर उंच असेल तर दोन्हीकडे चार टक्के उतार मिळतो आणि पाणी थांबत नाही. सहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटांची रुंदीही नाही. म्हणूनच हा उतार इतक्या सहज हरवतो. चाकोरी तेवढी खचली की पाणी कडेला जायचे सोडून चाकोरीतून रस्त्याच्या लांबीने धावू लागते. उतार हरवण्याची दुसरी जागा आणखी फसवी आहे. रस्त्याच्या कडेला गवत वाढते, त्यात धूळ आणि सुटलेला कच अडकतो आणि दोन-तीन वर्षांत एक बारीक वळकटी तयार होते. वरून रस्ता ठीक दिसतो, पण दोन वळकट्यांच्या मधे तो पन्हळ झालेला असतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे जास्त बाधते. तिथे रस्ता चढाचा असतो आणि पाऊस दख्खनच्या कितीतरी पट. वाहते पाणी किती वजनाचा दगड ढकलू शकते, हे त्याच्या वेगाच्या सहाव्या घाताने बदलते. वेग दुप्पट झाला तर ६४ पट जड दगड वाहू शकतो. जांभ्याच्या चढावर वर्षाअखेर नुसते उघडे कातळ का उरते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. अशा चढावर ठरावीक अंतराने रस्त्याला तिरके आडवे चर देऊन पाणी मधेच बाहेर काढावे लागते. सपाट काळ्या रानात उलट अडचण असते: पाण्याला जायला उतारच नसतो. तिथे रस्ता उचलून घ्यावा लागतो आणि शेताचे पाणी जिथे रस्ता ओलांडते तिथे सिमेंटचा पाइप टाकून मोरी करावी लागते.

चर काढायला जागा कुठून आणायची, हा आक्षेप शेतकऱ्याच्या तोंडून येतो आणि तो हलका घेण्यासारखा नाही. ३०० मीटर रस्त्याला दोन्ही बाजूंनी मीटरभर रुंद चर काढले तर ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे जमीन जाते. बांधाच्या हातभर जागेवरून भावाभावांत बोलणे बंद होते, तिथे सहा गुंठे ही चेष्टा नाही. पण पर्याय आहेत. रस्ता मधे उंच न करता पूर्ण रुंदी एकाच बाजूला, जमीन जिकडे उतरते तिकडे, कलती ठेवली तर एकच चर पुरतो आणि जमीन निम्मी लागते. चर पसरट खोदून त्यात गवत राखले तर बैलाला वैरणही मिळते. आणि रस्त्याची वाट सामाईक असेल तर चराचा विषय खडी येण्याआधी बसून ठरवावा. शेतावर जाण्याच्या हक्काबाबत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आणि वहिवाटीतला अडथळा काढण्याबाबत १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा तहसीलदाराकडे दाद मागण्याची सोय देतात. मात्र पाणी कुणाच्या शेतात सोडायचे याचा तोडगा बहुधा बांधावर बसूनच निघतो.

हे सगळे झाल्यावर खडी. तिचा हिशेब करणे सोपे आहे. ३०० मीटर लांब, तीन मीटर रुंद रस्त्यावर दाबून साडेसात सेंटिमीटर थर हवा असेल तर सैल खडी सुमारे दहा सेंटिमीटर पसरावी लागते. ती ९० घनमीटर होते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे साधारण ३२ ब्रास. ट्रॉलीत एक ब्रास धरली तर दर सव्वानऊ-साडेनऊ मीटरवर एक ट्रॉली रिकामी झाली पाहिजे. पावलांनी मापून चुन्याच्या खुणा आधीच करून ठेवल्या तर ट्रॉली कमी भरून आली आहे हेही जागेवर कळते, कारण तिचा ढीग पुढच्या खुणेपर्यंत पसरून पुरत नाही. मुरमाच्या थराचा हिशेब वेगळा करावा. काळ्या जमिनीत तो खडीपेक्षा जाड लागतो. पसरल्यावर पाणी मारून रोलर फिरवायचा, आणि तो कडेपासून मध्याकडे. मधून सुरुवात केली तर खडी कडेला पळते आणि मध्यावरची उंची जाते. पाणी इतकेच की मुरूम मुठीत दाबला तर गोळा व्हावा, बोटांतून थेंब निघू नये. ट्रॅक्टर चार वेळा पुढे-मागे केला म्हणजे रोलर झाला, ही समजूत खर्चिक आहे. ट्रॅक्टरचे चाक दोन पट्टे दाबते आणि मधली जागा सैल ठेवते, म्हणजे रस्ता पहिल्या दिवशीच चाकोरीसह जन्माला येतो.

मग एवढी उठाठेव करण्यापेक्षा काँक्रीटच का करू नये? हा प्रश्न हल्ली सर्वांत जास्त ऐकू येतो. तीव्र चढाच्या तुकड्यावर, ओढ्याच्या फरशीवर आणि गोठ्यासमोर काँक्रीट योग्यच आहे. पण काळ्या मातीवर सलग टाकलेले पातळ काँक्रीट खालची जमीन फुगली-आकसली की तडकते, आणि तडा गेलेले काँक्रीट ट्रॉलीभर खडी टाकून दुरुस्त होत नाही. चर, मुरूम आणि उतार ही तिन्ही कामे त्यालाही चुकत नाहीत. ती केल्यावर बहुतेक वस्त्यांच्या वाहतुकीला खडीचा रस्ता पुरून उरतो. अपवाद आहे तो उसाचा. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. रस्त्याला होणारी इजा आसावरच्या भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते, असे तिच्यातून निघाले. मोटारीच्या आसावर अर्धा टन आणि उसाच्या ट्रॉलीच्या आसावर पाच टन धरले तर भार दहापट, इजा दहा हजारपट. कच्च्या रस्त्यावर घात नेमका चारच राहील असे नाही, पण दिशा हीच. म्हणजे वर्षभराच्या मोटारसायकली आणि जीपगाड्या मिळून जेवढा रस्ता झिजवतात, तेवढा ओल्या जमिनीवरून गेलेल्या भरल्या ट्रॉलीच्या काही खेपा झिजवू शकतात. अवकाळी पाऊस झाला तर दोन-तीन दिवस तोड लांबवावी, एवढे मुकादमाला सांगता आले तरी बरीच खडी वाचते. कारखान्याचा क्रमपाळीचा कागद नेहमीच तेवढी मुभा देत नाही, हेही खरे.

हंगामाचा मुद्दा यातूनच निघतो. जुन्या मातीकामात भराव टाकून एक पावसाळा बसू देण्याची रीत होती. वस्तीच्या रस्त्यालाही ती लागू पडते. उन्हाळ्यात चर, मोऱ्या आणि मुरमाचा उंचवटा करून घ्यावा, पावसाळाभर त्यावरूनच ये-जा करावी आणि खडी दिवाळीनंतर टाकावी. तोपर्यंत कुठे खचते आणि कुठे पाणी तुंबते हे दिसलेले असते, तिथे मुरूम भरून घेता येतो, आणि जमिनीत थोडी ओल असल्याने रोलरखाली थर चांगला बसतो. त्या एका पावसाळ्यात त्रास होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खडी टाकूनही दरसाल होणाऱ्या त्रासापेक्षा तो जास्त नसतो. नंतरची देखभाल म्हणजे मुख्यतः कडेची वळकटी. मृगाचा पहिला जोराचा पाऊस चालू असताना फावडे घेऊन रस्त्यावरून एक चक्कर मारली की पाणी नेमके कुठे अडते हे दिसते. तिथे हातभर रुंदीचे गवत कापून कड मोकळी करायची, चाकोरीत सरकलेला कच मध्याकडे ओढून घ्यायचा आणि मोरीच्या तोंडातला पाचोळा काढायचा. एका माणसाचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्याला एकही ट्रॉली लागत नाही.